रिपोर्ट नॉर्मल, तरी दुखतंय

३० मे २०२४ ला नागपुरात ५६ डिग्री तापमान नोंदलं गेलं. शहरातल्या एका ऑटोमॅटिक केंद्राच्या सेन्सरनं ५६ दाखवलं, दुसऱ्या एकानं ५४, आणि बघता बघता तो आकडा अख्ख्या शहराच्या मोबाईलवर फिरला. नवतपा म्हणजे मेअखेरचे तापलेले नऊ दिवस चालू, बर्डीच्या बाजारात दुपारी चिटपाखरू नाही, डांबर चपलेला चिकटतंय, अशात तो आकडा खोटा वाटायला कुणाला काही कारणच नव्हतं. मग हवामान खात्यानं खुलासा केला की ते सेन्सर बिघडलेले आहेत, शहरातली बाकीची दोन केंद्रं ४४ च्या आसपास दाखवत होती, त्यामुळे हे आकडे धरू नका. दिल्लीत आदल्याच दिवशी मुंगेशपूरला ५२.९ निघालं होतं, तिथेही नंतर तपासणीत सेन्सर तीन डिग्री जास्त दाखवत असल्याचं कळलं. नागपूरचा खरा रेकॉर्ड २३ मे २०१३ चा आहे, ४७.९.

खुलासा आल्यावर आमच्या लॅबखालच्या चहाटपरीवर दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणे मशीननं दाखवलं म्हणजे असंलच, मशीन काहून खोटं बोलंल, आता हे लोकं लपवून राहिले. दुसरी म्हणे ५६ नसंल, पण वाटून तं ५६च राहिलं होतं ना, मग काय फरक पडते. मी तिथं चहा घेत दोन्ही ऐकत होते आणि मला दोन्हींनी बेचैन व्हायला झालं. पहिल्यांना वाटतं माणूस बाजूला केला, मशीन बसवली की वस्तुनिष्ठता आपोआप आलीच. दुसऱ्यांना वाटतं की शेवटी आपल्याला जे वाटतं त्याच्यापुढे आकड्याची काय किंमत. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, दिवसभर लोकांच्या रक्ताचे आकडेच काढते, आणि हे दोन्ही विचार माझ्या टेबलावर रोज येतात, कधी डॉक्टरांच्या तोंडून कधी पेशंटच्या, आणि दोन्हींमुळे माणसांचं नुकसान झालेलं मी पाहिलंय. म्हणून जरा सविस्तर लिहायचं ठरवलं.

आधी त्या ४४ चं बघू. ते ४४ नेमकं कशाचं असतं? वेधशाळेत परंपरेनं थर्मामीटर ठेवतात तो एका पांढऱ्या लाकडी पेटीत, चारही बाजूंनी तिरप्या पट्ट्या, म्हणजे हवा खेळते पण ऊन आत येत नाही, आणि पेटी जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंच. थॉमस स्टीव्हनसन नावाचा दीपगृहं बांधणारा स्कॉटिश इंजिनिअर होता, त्याच्या नावानं ही पेटी ओळखली जाते. ती मुद्दाम अशी केलीय की जगात कुठेही ठेवली तरी एकाच गोष्टीचं मोजमाप होईल, सावलीतल्या मोकळ्या हवेचं. म्हणूनच नागपूरचं ४४ आणि चंद्रपूरचं ४६ शेजारी शेजारी ठेवून तुलना करता येते, २०१३ ची तुलना २०२४ शी करता येते. हे फार मोठं काम आहे आणि ते असं कुणाच्या वाटण्यावर सोडून झालंच नसतं.

पण वर्धा रोडवर भर दुपारी डांबर टाकणारा माणूस त्या पेटीत उभा नसतो. त्याच्या डोक्यावर थेट ऊन, पायाखाली उकळतं डांबर, अंगाला वारा नाही. तो म्हणाला की आज ४४ च्या कितीतरी वर आहे, तर तो चुकीचं बोलत नाहीये, तो वेगळ्या जागेचं सांगतोय. आणि नागपूरकरांना तर अजून एक गोष्ट पक्की माहितीये. मे महिन्यात पारा ४५ वर असतो तेव्हा घरात कूलर लावला, वाळ्याचे पडदे ओले केले की माणूस झोपू शकतो. मग जूनमध्ये एक पाऊस पडतो, पारा धाडकन ३६-३७ वर येतो, आणि घरात बसवत नाही. कूलरमध्ये पाणी टाकलं तर अजूनच चिपचिप. माझी आई दरवर्षी म्हणते, "यापेक्षा मे परवडला होता ओ." थर्मामीटरचं ऐकलं तर आई चुकतेय, आठ डिग्री कमी झालेत. आईचं ऐकलं तर थर्मामीटर काहीतरी विसरतोय. आणि खरंच विसरतोय, कारण त्याला दमटपणा कळत नाही. आपलं अंग थंड होतं ते घाम वाळल्यामुळे, हवेत आधीच ओल असली तर घाम वाळत नाही, अंगातली उष्णता अंगातच राहते. हे आईच्या कातडीला कळतं, पाऱ्याला कळत नाही.

१९५० च्या दशकात अमेरिकेच्या मरीन सैनिकांच्या ट्रेनिंग कॅम्पात पोरं उष्माघातानं पडायची, तेव्हा नुसत्या तापमानानं अंदाज येईना म्हणून एक नवा निर्देशांक तयार केला गेला. त्यात ओल्या कापडातल्या थर्मामीटरला ७० टक्के वजन, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातल्या थर्मामीटरला २० टक्के, आणि आपल्या नेहमीच्या थर्मामीटरला फक्त १०. मला ही वजनं फार आवडतात. ज्या आकड्याला आपण वस्तुनिष्ठ म्हणून डोक्यावर घेतो त्याला माणसाच्या जिवाच्या हिशेबात दहाच टक्के जागा मिळाली. आणि हे कुणाला शोधावं का लागलं, तर आधी माणसं पडत होती, तक्रार करत होती म्हणून. तक्रार आधी आली, मीटर तिच्या मागून आलं. कुणीतरी त्या पोरांना "पारा तर तेवढा नाहीये, नाटकं करताय" म्हणून सोडून दिलं असतं तर तो निर्देशांक जन्मालाच आला नसता.

आता दुसरी बाजू, आणि ही मला तितक्याच जोरात सांगायची आहे. ५६ चूक आहे हे कळलं कसं? दुसरी केंद्रं होती म्हणून. एकट्या थर्मामीटरला स्वतःची चूक कधीच कळत नाही, जसं एकट्या माणसालाही कळत नाही. आमच्या लॅबमध्ये सकाळी पहिला पेशंट घ्यायच्या आधी मशीनवर कंट्रोल लावतात, म्हणजे ज्याची व्हॅल्यू आधीच माहिती आहे असं सॅम्पल चालवतात आणि आलेला आकडा एका चार्टवर टाकतात. हा चार्ट १९५० मध्ये लेव्ही आणि जेनिंग्ज या दोघांनी लॅबमध्ये आणला. मधली रेघ, वर दोन मर्यादा, खाली दोन मर्यादा. एक ठिपका बाहेर गेला तर थांबायचं, बघायचं, आणि सगळे ठिपके मर्यादेत असूनही रोज थोडे थोडे एकाच बाजूला सरकत असतील तरी थांबायचं, कारण मशीन हळूहळू घसरतंय. शिवाय बाहेरून अनोळखी सॅम्पल येतं, वेल्लोरच्या सीएमसी या मेडिकल कॉलेजचा असा कार्यक्रम आहे, देशभरातल्या लॅब तेच सॅम्पल चालवतात आणि आपला आकडा बाकीच्यांच्या तुलनेत कुठे बसतो ते कळतं. मी नवीन होते तेव्हा मला हा सगळा पसारा कटकटीचा वाटायचा. आता वाटतं की वस्तुनिष्ठता म्हणतात ती हीच, या पसाऱ्यात आहे. मशीनच्या पोटात ती नसते. स्वतःवर सतत शंका घ्यायची सोय करून ठेवणं आणि ती शंका दुसऱ्याला तपासू देणं, यात ती असते.

आणि माणूस त्यातून पूर्ण बाहेर कधीच जात नाही, फक्त त्याचा हिशेब ठेवता येतो. ग्रीनिचच्या वेधशाळेत १७९६ मध्ये मुख्य खगोलशास्त्रज्ञ मॅस्केलिन यांनी आपला असिस्टंट किनेब्रुक याला कामावरून काढलं, का तर दुर्बिणीतल्या बारीक धाग्यावरून आकाशातला तारा सरकण्याची वेळ तो मॅस्केलिनपेक्षा साधारण ०.८ सेकंद उशिरा नोंदवायचा. साहेबाचं बरोबर, असिस्टंटचं चूक, विषय संपला. पंचवीसेक वर्षांनी जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांना ही नोंद खटकली आणि त्यांनी स्वतःचीच तुलना दुसऱ्या नामांकित निरीक्षकांशी करून बघितली, तर फरक एक सेकंदापेक्षाही जास्त निघाला. म्हणजे दोन अत्यंत काटेकोर माणसं, एकच तारा, तरी वेळ वेगळी, आणि दोघांपैकी कुणीच हलगर्जी नाही. प्रत्येकाच्या डोळ्या-कानाचा आपला एक ठरलेला फरक असतो. मग खगोलशास्त्रज्ञ तो फरक मोजून वजा करायला लागले. मला किनेब्रुकचं फार वाईट वाटतं. त्याची चूक ही चूक नव्हतीच, ती त्याच्या शरीराची एक गोष्ट होती, आणि ती फक्त त्याच्याकडेच बघितल्यामुळे दोष ठरली. दोघांकडे बघितलं असतं तर तिला माप म्हटलं गेलं असतं.

स्लाईड वाचतानाही हेच होतं. एकच स्लाईड मी आणि माझी सिनियर ताई, दोघींनी शंभर शंभर पेशी मोजल्या तर आकडे सारखे येत नाहीत, आणि दोघीही बरोबर असतो.

डेंग्यूच्या सीझनमधली एक गोष्ट सांगते, कारण ती मी नवीन पोरांना नेहमी सांगते. नोकरीच्या मेडिकलसाठी एक तरणाताठा मुलगा आला होता, ताप नाही, काही नाही, आणि मशीननं प्लेटलेट दाखवले ३८ हजार. घरच्यांचा धीर सुटला, कुणी पपईच्या पानांचा रस आणायला पळालं, कुणी बेड बघायला फोन लावायला लागलं. तो मात्र सारखा म्हणत होता, "ताई, मले तं काहीच नाही होऊन राहिलं." अशा वेळी दोन गोष्टी करता येतात. एक म्हणजे त्याला सांगायचं की तुला काय कळतं, मशीन सांगतंय. दुसरं म्हणजे त्याचं बोलणं पुरावा म्हणून घ्यायचं. स्लाईड करून बघितली तर प्लेटलेटचे गठ्ठेच्या गठ्ठे. काही माणसांच्या रक्तात असं होतं, जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए बल्बमधलं रसायन लागलं की प्लेटलेट एकमेकांना चिकटतात, आणि मशीन गठ्ठा मोजत नाही. निळ्या टोपणाच्या सायट्रेट बल्बमध्ये परत रक्त घेतलं, त्यातल्या द्रवानं रक्त थोडं पातळ होतं म्हणून आलेल्या आकड्यात दहा टक्के वाढवले, तर दोन लाखांच्या वर. त्याच्या अंगात प्लेटलेट कमी नव्हतेच, बल्बमध्ये कमी झाले होते. ३८ हजार हा आकडा छापील होता, मशीनचं कंट्रोल सकाळी पास झालेलं होतं, सगळं नियमानं होतं, आणि तरी तो आकडा त्या मुलाबद्दलचा नव्हता. त्याचं "काहीच नाही होऊन राहिलं" हेच त्या खोलीतलं सगळ्यात विश्वासार्ह निरीक्षण होतं.

पण मग नेहमीच पेशंटचं खरं का? नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये नागपुरात काय चाललं होतं ते इथल्या कुणाला सांगायला नको. घरोघरी ऑक्सिमीटर, बोटाला लावून लावून बोटं दुखायची. आमचा मामा खुर्चीत बसून पेपर वाचत होता, म्हणाला मला काहीही त्रास नाही, उगाच मागे लागू नका, आणि बोटावर आकडा ८२. त्या वेळी असे खूप पेशंट होते ज्यांचा ऑक्सिजन खाली गेलेला असायचा पण दम लागल्याची जाणीवच व्हायची नाही. मामाच्या वाटण्यावर सोडलं असतं तर मामा आज नसता. त्याच्या शरीरात काय चाललंय हे त्याच्यापेक्षा त्या चिमटीएवढ्या यंत्राला जास्त कळलं, आणि त्या आकड्याबद्दल मी आजही कृतज्ञ आहे.

त्याच घरात, त्याच ऑक्सिमीटरवर, काही महिन्यांनी मामी म्हणायला लागली की जिना चढला की दम लागतो. लावा बोटाला. ९८. झालं, सगळे म्हणाले टेन्शन आहे, कोविडची भीती बसलीय मनात, प्राणायाम कर. मी सीबीसी केला, म्हणजे रक्तपेशींची आणि हिमोग्लोबिनची नेहमीची तपासणी, तर हिमोग्लोबिन सहाच्या घरात, फारच कमी. ऑक्सिमीटर हे सांगतो की जे हिमोग्लोबिन आहे त्यातलं किती टक्के ऑक्सिजननं भरलंय. मुळात हिमोग्लोबिन किती आहे हे तो सांगतच नाही. तर ९८ अगदी खरं होतं, फक्त तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देत होता, आणि घरातल्या सगळ्यांनी ते उत्तर मामीच्या प्रश्नाला चिकटवून टाकलं. आपल्याकडे किती बायकांचं असं होत असेल. आणि त्या यंत्राचीही स्वतःची नजर असते बरं का, डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या पेशंटवरचा अभ्यास आला त्यात दिसलं की ऑक्सिमीटर ठीक दाखवत असताना प्रत्यक्षात ऑक्सिजन कमी असण्याचं प्रमाण काळ्या पेशंटमध्ये गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट होतं. प्रकाश कातडीतून जातो, कातडीच्या रंगानं फरक पडतो. ज्यांच्यावर ते यंत्र तपासून ठरवलं गेलं त्यांच्या कातडीचा अनुभव त्यात भरला गेला आणि बाकीच्यांचा राहून गेला.

"रिपोर्ट नॉर्मल आहे" या वाक्याबद्दल पण एक सांगते. रिपोर्टवर उजवीकडे जी रेंज छापलेली असते ती सहसा ठरवतात कशी, तर बऱ्याच निरोगी लोकांचं रक्त तपासून मधले ९५ टक्के घेतात. म्हणजे शंभरातले पाच निरोगी लोक व्याख्येनंच बाहेर. एखाद्या पूर्ण निरोगी माणसाच्या वीस वेगवेगळ्या तपासण्या केल्या तर किमान एक तरी रेंजच्या बाहेर येण्याची शक्यता ६४ टक्के. आणि उलटही खरं, ज्याचा नेहमीचा आकडा वरच्या टोकाला असतो त्याचा खालच्या टोकाला आला तर तो रेंजमध्येच राहतो, रिपोर्टवर काही ठळक होत नाही, पण त्याच्यासाठी ती मोठी घसरण असते. म्हणून लॅबमध्ये डेल्टा चेक करतात, पेशंटचा आजचा आकडा त्याच्याच मागच्या आकड्याशी लावून बघतात. तिथे तो माणूसच स्वतःची रेंज असतो.

हे सगळं माझ्या डोक्यात एका मुलामुळे जास्त घट्ट बसलं. विदर्भात सिकल सेल किती घरांत आहे हे बाहेरच्यांना कळत नाही, इथल्या आदिवासी आणि दलित वस्त्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या तो आजार आहे. हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागेवरचं एक अमिनो आम्ल बदललेलं असतं, ग्लुटामिकच्या जागी व्हॅलिन, बस एवढंच, आणि त्यामुळे लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. अडकल्या की दुखतं. हाडातून दुखतं. थंडी पडली, पाणी कमी प्यायलं, ताप आला की क्रायसिस, म्हणजे दुखण्याचा जोराचा झटका, येऊ शकतो, त्यामुळे आमचा डिसेंबर पण वाईट आणि मे पण वाईट. हा मुलगा विशीतला, एसएस पॅटर्नचा, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून सिकलचं जनुक आलेला, आमच्याकडे सीबीसीला येतो. हिमोग्लोबिन त्याचं नेहमीच आठच्या आसपास. दुखत नसताना आठ, आणि दुखण्यानं गुडघे पोटाशी घेऊन बाकावर पडलेला असतानाही आठ. एका दवाखान्यात त्याला सांगितलं गेलं की रिपोर्ट तर तुझे नेहमीसारखेच आहेत, इंजेक्शनची सवय लागलीय तुला. तो ते मला सांगत होता तेव्हा रागावलेला नव्हता, त्याला खरंच विचारायचं होतं. "ताई, रिपोर्टमधी दिसत नाही तं मंग दुखून काहून राहिलं?"

मी त्याला खरं ते सांगितलं, की तुझं दुखणं दाखवणारी तपासणीच नाहीये. सिकलचा क्रायसिस चालू आहे की नाही हे ठामपणे सांगेल अशी रक्ताची एकही टेस्ट आजही नाही. आजार कोणता ते आम्ही सांगू शकतो, पॅटर्न काढू शकतो, शिकागोच्या हेरिक डॉक्टरांनी १९१० मध्ये त्या वाकड्या पेशींचं वर्णन केलं, रसायनशास्त्रज्ञ पॉलिंगनं १९४९ मध्ये दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे, पण आत्ता दुखतंय का आणि किती, हे सांगणारा जगात एकच माणूस आहे, ज्याचं दुखतंय तो. जागतिक वेदना संघटनेनं २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली तेव्हा सोबत स्पष्ट लिहिलं की माणूस दुखतंय असं सांगत असेल तर त्या सांगण्याचा आदर केला पाहिजे. एवढ्या मोठ्या संघटनेला हे लिहून ठेवावं लागलं यावरूनच कळतं की काय चालत आलंय.

कुणी म्हणेल, शून्य ते दहामध्ये तो आठ म्हणाला, त्याचा आठ आणि दुसऱ्याचा आठ सारखा कशावरून? नसेलच सारखा, आणि ते कधी कळणारही नाही. पण त्याचा काल रात्रीचा आठ आणि आज दुपारचा पाच, यांची तुलना नक्की करता येते. मागच्या हिवाळ्यातला क्रायसिस कसा चढला, कुठून सुरू झाला, किती दिवस राहिला, कशानं उतरला, हे त्याच्याकडून नीट लिहून घेतलं तर त्यात एक आकार दिसायला लागतो. हा डेल्टा चेकच आहे, फक्त सॅम्पल रक्ताचं नाही, शब्दांचं आहे. व्यक्तिनिष्ठ म्हणजे कसंही, मनाला येईल तसं, असं आपण धरून चालतो ते मला अजिबात पटत नाही. आतल्या गोष्टीचीही शिस्तीनं नोंद ठेवता येते, तिला प्रश्न विचारता येतात, तिच्यातली विसंगती पकडता येते. आपण तेवढे कष्ट घेत नाही, आणि मग तिलाच बेभरवशाची ठरवतो.

आणि दुसऱ्या टोकाला आजकाल एक वाक्य फार ऐकू येतं, ज्याचं त्याचं सत्य. ते मला तितकंच खटकतं. जामठ्याच्या स्टेडियमवरच्या २०१५ च्या क्रिकेट टेस्टवर आमच्या घरात अजून भांडणं होतात. दक्षिण आफ्रिका पहिल्या डावात ७९ ला ऑल आऊट, मॅच तिसऱ्या दिवशी संपली, भारत १२४ रननी जिंकला, आणि आयसीसीनं पिचला "खराब" शेरा दिला. आकडे सगळ्यांना मान्य. भांडण शेऱ्यावर. भाऊ म्हणतो अश्विननं मॅचमध्ये बारा विकेट काढल्या त्या काय पिचनं काढल्या का, आणि परदेशात हिरवं गवत ठेवलं तर त्याला कुणी खराब म्हणत नाही. बाबा म्हणतात पहिल्या दिवसापासून एवढा चेंडू वळायला नको. दोघांची मतं वेगळी, पण दोघंही कारणं देतात, दुसऱ्याचं कारण ऐकून आपलं थोडं सरकवतात, एखादा मुद्दा सोडून देतात. भाऊ "हे माझं सत्य आहे" म्हणून उठून गेला असता तर ते भांडण तिथेच मेलं असतं. मत आहे म्हणजे ते तपासण्याच्या पलीकडे गेलं असं होत नाही.

या सगळ्याचा विचार करताना मला दरवेळी महाड आठवतं. दीक्षाभूमीच्या शहरात वाढल्यावर ते आठवणारच. १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात समाजसुधारक सीताराम केशव बोले यांचा ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. कागद बघितला तर तळं सगळ्यांचं. कुणी तटस्थपणे फाईल वाचून रिपोर्ट लिहिला असता तर त्यानं "प्रवेशावर बंदी नाही" असंच लिहिलं असतं, आणि त्यात एक शब्दही खोटा नसता. फक्त तहान लागलेला माणूस तिथे गेला की काय होतं हे त्या फाईलमध्ये नव्हतं, ते ज्याला तहान लागते आणि ज्याला हुसकावलं जातं त्यालाच दिसत होतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांसोबत तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले तेव्हा तो आतला अनुभव जगाला दिसेल असा बाहेर आला. पण बाबासाहेब तिथे थांबले नाहीत हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यानंतर कोर्टात दहा वर्षं खटला चालला, कागद, साक्षी, पुरावे, आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टाचा निकाल त्यांच्या बाजूनं लागला, कारण विरोधकांना ती बंदी अनादी काळापासूनची परंपरा आहे हे सिद्ध करता आलं नाही. सोसणाऱ्याची नजर नसती तर प्रश्न विचारलाच गेला नसता, आणि पुराव्याची शिस्त नसती तर तो जिंकला गेला नसता. ज्याला त्रास आहे त्याला जवळून दिसतं म्हणून त्याला भावनिक ठरवायचं आणि ज्याला काहीच त्रास नाही त्याला तटस्थ म्हणायचं, ही आपली जी सवय आहे ती मला सरळ सरळ अन्यायाची वाटते. त्रास नसणं ही पण एक जागाच आहे, तिथूनही काही दिसतं आणि काही झाकलं जातं.

तर माझ्या कामापुरतं मी काय करते ते सांगते. आमच्या तपासणीच्या फॉर्मवर एक चौकट असते, क्लिनिकल हिस्ट्री. बहुतेक वेळा ती कोरी येते, फार तर कुणीतरी "ताप" लिहितं. मी ती आता पेशंटला विचारून भरते आणि डीएमएलटीची, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या कोर्सची, पोरं शिकायला येतात त्यांनाही भरायला लावते, पेशंटच्याच शब्दांत. "कमजोरी" असं नाही लिहायचं, "जिना चढला की मधल्या पायरीवर थांबावं लागते" असं लिहायचं. पोरांना सुरुवातीला वाटतं की हे अनसायंटिफिक आहे. मग एखादा न पटणारा आकडा येतो, ते वाक्य वाचून आम्ही स्लाईड परत बघतो, आणि त्यांचं मत बदलतं.

त्या सिकलच्या मुलाच्या फॉर्मवर गेल्या वेळी मी लिहिलं, काल रात्री दोनपासून दोन्ही मांड्या आणि कंबर, आठ, गरम पाण्यानं थोडं कमी, मागच्या डिसेंबरसारखंच. खाली हिमोग्लोबिन ८.१, नेहमीइतकंच. दोन्ही ओळी एकाच कागदावर गेल्या. आता परत थंडी पडेल, अशी पोरं परत येतील. इथे कुणी डॉक्टर वाचत असतील तर विनंती आहे की ती चौकट भरून पाठवत जा, कधीपासून, कुठे, किती, आणि तो स्वतः काय म्हणाला ते. जागा कमी पडली तर फॉर्मच्या मागच्या बाजूला लिहा, आम्ही वाचतो.